एनडीआयएसमधे सपोर्ट वर्करचं काम सुरू करताय? आधी काय, नंतर काय, आणि आपली लोकं कुठे चुकतात

एनडीआयएस म्हणजे ऑस्ट्रेलियातली दिव्यांग व्यक्तींच्या मदतीसाठी पैसे देणारी सरकारी योजना, आणि सपोर्ट वर्कर म्हणजे त्यांना रोजच्या गोष्टीत मदत करणारा माणूस. या कामाबद्दल मला महिन्याला चार-पाच फोन येतात आणि सगळे साधारण सारखेच असतात. "ताई, शिफ्ट मिळाली, तीन आठवडे काम पण केलं, आता ते म्हणतायत तुझं क्लिअरन्स आमच्याकडे दिसत नाही म्हणून रोस्टरवरून काढलं." किंवा "एबीएनवर काम करतोय, तासाला बरे पैसे देतात, पण सुपर कुठे जमा होतंय ते कळत नाही." (क्लिअरन्स म्हणजे वर्कर स्क्रीनिंग चेक पास झाल्यावर मिळणारी परवानगी, एबीएन म्हणजे स्वतःच्या धंद्याचा नंबर, सुपर म्हणजे मालकाने भरायची निवृत्तीची रक्कम.) बहुतेक वेळा माणूस मेहनती असतो, मनाने चांगला असतो, फक्त क्रम उलटा झालेला असतो. आधी शिफ्ट, मग कागद, मग नियम. इथे ते चालत नाही, आणि २०२४ पासून नियम इतके बदललेत की दोन वर्षांपूर्वी ज्यांनी सुरू केलं त्यांचा सल्लाही आता पूर्ण लागू पडत नाही.

हे मी लिहितेय ते ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर इथे येऊन काम शोधणाऱ्यांसाठी, आणि दोन-चार पार्टिसिपंट (योजनेतून मदत घेणाऱ्या दिव्यांग व्यक्ती) घेऊन स्वतःचं छोटं काम सुरू केलेल्यांसाठी. मी मेलबर्नमधे आहे त्यामुळे व्हिक्टोरियाचा अनुभव जास्त, पण बहुतेक गोष्टी देशभर सारख्या आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तीन वेगळी ऑफिसं आहेत. एनडीआयए दिव्यांग व्यक्तीचा प्लॅन आणि पैसे बघते. एनडीआयएस क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशन काम कसं होतंय, कोण करतंय, तक्रारी काय आहेत ते बघतं. आणि तुमचा पगार, शिफ्टचे तास, लोडिंग (पगारावरची जादा टक्केवारी) हे फेअर वर्कचं काम. पगाराची तक्रार घेऊन कमिशनकडे गेलात तर ते फेअर वर्ककडेच पाठवणार, त्यात तुमचे आठवडे जातात.

टप्पा १: नावं आणि ओळखीची कागदपत्रं जुळवा

हा टप्पा सगळे वगळतात आणि आपल्या मराठी लोकांचं इथेच जास्तीत जास्त अडकतं, कारण आपलं नाव तीन भागांचं. पासपोर्टवर गिव्हन नेममधे स्वतःचं आणि वडिलांचं नाव दोन्ही, इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गायब, बँकेत फक्त पहिलं नाव आणि आडनाव. लग्न झालेल्या बायकांचं तर अजून वेगळं, डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधे वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलेलं. आपल्याला हे सगळं एकच वाटतं पण ऑनलाइन ओळख तपासणाऱ्या सिस्टिमला ती दोन वेगळी माणसं दिसतात.

तर अर्ज उघडायच्या आधी टेबलवर पासपोर्ट, व्हिसा ग्रँट लेटर, लायसन्स, मेडिकेअर असेल तर ते, आणि बँक कार्ड ठेवा आणि एकेक अक्षर बघा. फरक असेल तर लायसन्स पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या, ते त्यातल्या त्यात सोपं. आणि अर्जात "पूर्वीची नावं" असा प्रश्न येतो तिथे माहेरचं नाव लिहायचंच, लपवायचं काही कारण नाही. न लिहिता नंतर सापडलं तर ते जास्त वाईट दिसतं.

याच वेळी टॅक्स फाइल नंबर काढून ठेवा, आणि लहान मुलांबरोबर काम करायचं असेल तर वर्किंग विथ चिल्ड्रन चेक हा वेगळा अर्ज आहे. एनडीआयएसचं चेक असलं म्हणजे ते पण झालं असं धरू नका.

तपासा: सगळ्या कागदांवर नाव, जन्मतारीख एकसारखी आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका, आधी ते मिटवा.

टप्पा २: वर्कर स्क्रीनिंग चेक, आणि त्यातला लिंकिंगचा घोळ

एनडीआयएस वर्कर स्क्रीनिंग चेक फेब्रुवारी २०२१ पासून देशभर एकसारखं झालं. क्लिअरन्स मिळालं की ५ वर्षं चालतं आणि दुसऱ्या राज्यात गेलात तरी चालतं. पोलिस चेक आणि हे एक नाही. पोलिस चेक त्या दिवसापुरतं असतं, या क्लिअरन्सवर मात्र पाच वर्षं नजर राहते, मधे काही गुन्हा किंवा गैरवर्तन नोंदलं गेलं तर ते मागे घेता येतं.

क्रम असा:

१. आधी प्रोव्हायडरकडून, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीकडून, लेखी ऑफर किंवा निदान ईमेल घ्या की ते तुम्हाला घेतायत.

२. त्यांचा एम्प्लॉयर आयडी मागा. हा नंबर कमिशनच्या डेटाबेसमधला असतो. अर्जात तो टाकावा लागतो.

३. ज्या राज्यात राहता त्या राज्याच्या साइटवरून अर्ज करा. व्हिक्टोरियात सर्व्हिस व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्समधे सर्व्हिस एनएसडब्ल्यू.

४. पेड वर्कर हाच पर्याय निवडा. फी वाचवायला काहीजण व्हॉलंटियर निवडतात आणि मग पगारी कामाच्या वेळी परत सगळं करत बसतात.

५. अर्ज गेला की त्याच दिवशी प्रोव्हायडरला अर्जाचा नंबर पाठवा आणि सांगा की डेटाबेसमधे जाऊन व्हेरिफाय करा. त्यांनी व्हेरिफाय केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. कितीतरी लोकं दोन-दोन महिने "सरकारकडे पेंडिंग आहे" म्हणून वाट बघत बसतात आणि अर्ज प्रत्यक्षात त्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी इनबॉक्समधे पडून असतो.

६. क्लिअरन्स आलं की "मला तुमच्याशी लिंक केलंय का" हे लेखी विचारा.

सहावा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. तुमच्याकडे क्लिअरन्स आहे म्हणजे नवीन प्रोव्हायडरला ते आपोआप दिसत नाही. नोकरी बदलली की नवीन ठिकाणी परत लिंक करावं लागतं. लिंक नसेल तर तुमच्याबद्दल काही बदल झाला तर त्यांना सूचनाच जाणार नाही, म्हणून ऑडिटमधे हे पहिल्यांदा बघतात, आणि सापडलं की वर्करला घरी बसवतात.

लक्षात ठेवा: क्लिअरन्स येण्याआधी काम सुरू करता येतं का याचं उत्तर राज्याराज्यात वेगळं आहे. मैत्रिणीने ॲडलेडमधे केलं म्हणून मेलबर्नमधे चालेल असं नाही. प्रोव्हायडर "चालतं गं, ये तू" म्हणाला तरी त्याच्याकडून ईमेलवर घ्या.

टप्पा ३: ट्रेनिंग, कुठलं खरंच हवं आणि कुठलं नाही

कमिशनचं वर्कर ओरिएंटेशन मॉड्यूल फुकट आहे, ऑनलाइन आहे, साधारण दीड तास लागतो, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. त्याचे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका. नवीन माणसासाठी अजून एक इंडक्शन मॉड्यूल आहे, संवादाचं एक आहे, जेवण सुरक्षितपणे कसं भरवायचं त्याचं एक आहे. जेवणाचं तर नक्की करा, का ते पुढे सांगते.

फर्स्ट एड आणि सीपीआर जवळजवळ सगळीकडे मागतात. सीपीआर दरवर्षी रिफ्रेश, फर्स्ट एड साधारण तीन वर्षांनी. सर्टिफिकेट थ्री, म्हणजे या कामाचा कोर्स, मात्र कायद्याने सक्तीचं नाही. बऱ्याच प्रोव्हायडरना ते हवं असतं आणि शिकायला चांगलंही आहे, पण "हे केल्याशिवाय एनडीआयएसमधे कामच करता येत नाही" असं सांगून हजारो डॉलरचा कोर्स विकणारे एजंट आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आधी दोन-तीन जाहिरातीत काय मागितलंय ते बघा मग ठरवा.

आणि एक सीमा कधीच ओलांडायची नाही. पेगमधून (पोटातल्या नळीतून) फीड देणं, ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्यातली श्वासाची नळी), व्हेंटिलेटर, कॅथेटर (लघवीची नळी), गुंतागुंतीची बॉवेल केअर (शौचाची काळजी), त्वचेखालचं इंजेक्शन, ही हाय इंटेन्सिटी कामं आहेत. त्यासाठी त्या-त्या पार्टिसिपंटपुरतं, योग्य व्यक्तीकडून, वेगळं ट्रेनिंग लागतं. तुम्ही पुण्यात नर्स होतात तरी इथे सपोर्ट वर्कर म्हणून शिफ्टवर असाल तर ट्रेनिंग आणि लेखी प्लॅन नसताना हात लावायचा नाही. हे तुमच्या कौशल्यावर शंका म्हणून नाही सांगत, उद्या काही झालं तर तुमच्या बाजूने एक कागद असायला हवा म्हणून सांगतेय.

टप्पा ४: नोकरी की एबीएन, आणि पगार बरोबर आहे का

इथे थांबून नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात.

जर रोस्टर ते ठरवतात, गणवेश त्यांचा, रेट त्यांचा, तुमच्या जागी तुम्ही दुसऱ्याला पाठवू शकत नाही, तर तुम्ही बहुतेक कर्मचारीच आहात, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. २६ ऑगस्ट २०२४ पासून कायदा प्रत्यक्षातलं नातं काय आहे ते बघतो, फक्त करारातले शब्द नाही. कर्मचाऱ्याला एबीएन काढायला लावून कॉन्ट्रॅक्टर दाखवणं बेकायदेशीर आहे. एबीएनवर तासाला चार डॉलर जास्त दिसतात पण त्यातून टॅक्स तुम्ही भरायचा, इन्शुरन्स तुमचा, आजारी पडलात तर शून्य, आणि सुपर बहुतेक वेळा मिळतच नाही. खरोखर स्वतःचा धंदा करायचा असेल तर जरूर करा, पण मग पब्लिक लायबिलिटी आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी इन्शुरन्स पहिल्या शिफ्टआधी हवा.

कर्मचारी असाल तर बहुतेकांना शॅड्स अवॉर्ड, म्हणजे या क्षेत्रातल्या किमान पगाराचे आणि कामाचे नियम, लागू होतो. त्यातल्या या गोष्टी पेस्लिप हातात घेऊन बघा:

कॅज्युअलला, म्हणजे ठरलेल्या तासांची हमी आणि पगारी रजा नसलेल्याला, २५ टक्के लोडिंग.

डिसॅबिलिटीच्या कामात पार्ट-टाइम आणि कॅज्युअलला एका वेळी किमान २ तासांचा पगार. तासाभरासाठी बोलावलं तरी २ तासांचे पैसे.

सोमवार ते शुक्रवार, रात्री ८ नंतर पण १२ पर्यंत संपणारी शिफ्ट ही आफ्टरनून शिफ्ट, साडेबारा टक्के जास्त, आणि ते पूर्ण शिफ्टवर, फक्त ८ नंतरच्या तासांवर नाही. म्हणजे ३ ते ९ केलंत तर सहाही तासांवर. मध्यरात्रीनंतर संपणारी किंवा पहाटे ६ च्या आधी सुरू होणारी असेल तर १५ टक्के.

शनिवारी दीडपट, रविवारी दुप्पट, पब्लिक हॉलिडेला अडीचपट, कॅज्युअलचं लोडिंग यात वेगळं मिळवायचं.

स्लीपओव्हरला, म्हणजे रात्री पार्टिसिपंटच्या घरी झोपायला राहण्याला, ठरलेला अलाउन्स मिळतो, पण रात्री उठून काम करावं लागलं तर त्याचा ओव्हरटाइम, किमान एक तासाचा. इथे आपली माणसं फार गप्प बसतात. "दहा मिनिटं तर उठले, त्यात काय मागायचं" असं म्हणतात. मी पण पहिल्या वर्षी असंच केलं, रात्रीतून तीन-तीनदा उठायचे आणि सकाळी नोटमधे फक्त "रात्र ठीक गेली" लिहायचे. त्यात माझे पैसे तर गेलेच, पण मोठं नुकसान त्या माणसाचं झालं कारण त्याला रात्री मदत लागते हे कुठे नोंदलंच गेलं नाही आणि पुढच्या प्लॅनच्या वेळी दाखवायला पुरावा नव्हता. उठलात तर वेळ लिहा, काय केलं ते लिहा.

बडी शिफ्टचे, म्हणजे दुसऱ्या वर्करबरोबर शिकायला जाता त्याचे, पैसे मिळायला हवेत. सक्तीच्या ट्रेनिंगचे पण. पेस्लिप पगारानंतर एका कामाच्या दिवसात आली पाहिजे.

आणखी एक गैरसमज. एनडीआयएसच्या दरपत्रकात २०२५-२६ साठी साध्या दिवसाच्या सेल्फ-केअर मदतीची कमाल किंमत तासाला ७०.२३ डॉलर आहे, ते बघून लोकं म्हणतात "माझे अर्धे पैसे खाल्ले." ती प्रोव्हायडरने लावायची कमाल किंमत आहे, तुमचा पगार नाही. त्यातून सुपर, सुट्ट्या, इन्शुरन्स, ट्रेनिंग, ऑफिस सगळं जातं. तुमचा पगार अवॉर्डच्या लेव्हलवरून ठरतो, तो फेअर वर्कच्या पगार कॅल्क्युलेटरवर तपासा. कमी असेल तर आधी लेखी विचारा, नाही ऐकलं तर फेअर वर्क ओम्बड्समन, १३ १३ ९४. सहा वर्षांपर्यंतचे राहिलेले पैसे मागता येतात. आणि १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पगार बुडवणं हा फौजदारी गुन्हा आहे.

विद्यार्थ्यांनो, हे वेगळं वाचा: कोर्स सुरू असताना पंधरवड्याला ४८ तास. केअरच्या कामाला सूट होती ना, असं अजून विचारतात. ती सूट एज्ड केअरपुरती होती आणि ३१ डिसेंबर २०२३ ला संपली. पंधरवडा म्हणजे सोमवारपासून सुरू होणारे कुठलेही १४ दिवस, आणि ते एकमेकांवर चढतात. समजा पहिल्या आठवड्यात १५ तास, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०. पहिला-दुसरा मिळून ४५, ठीक. पण दुसरा-तिसरा मिळून ५०, नियम मोडला. पगाराच्या पंधरवड्यावरून मोजू नका, आणि एबीएनचे तास पण यातच धरायचे. एका वहीत आठवड्यानुसार लिहीत जा.

टप्पा ५: पहिल्या शिफ्टच्या आधी त्या माणसाचा सपोर्ट प्लॅन वाचा

दारात जाऊन विचारू असं नाही चालत. आदल्या दिवशी प्लॅन मागा. न पाठवता शिफ्ट दिली तर फोन करून मागा. वाचताना या गोष्टी शोधा: ॲलर्जी, फिट्स येतात का आणि आल्या तर काय करायचं, हालचालीसाठी होइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) लागतो का आणि एक वर्कर की दोन, बोलण्याची पद्धत काय, काय आवडतं काय नाही, आणि जेवण.

जेवणाबद्दल सांगते म्हटलं होतं. गिळायला त्रास असणाऱ्यांच्या प्लॅनमधे पदार्थ किती मऊ, पेय किती घट्ट याच्या लेव्हल असतात, ० ते ७. आपल्याकडे कोणाला घास भरवताना "अजून एक, फक्त एक" हे आपल्या हातातच आहे, आजी-आईकडून आलेलं आहे, प्रेमच आहे ते. पण इथे तो घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. चहात बुडवलेलं बिस्कीट बाहेरून मऊ, आतून भुसा, आणि वर पातळ चहा, गिळायचा त्रास असलेल्या माणसासाठी हे फार धोक्याचं. प्लॅनमधे जी लेव्हल आहे तीच, बसण्याची स्थिती लिहिलीय तीच, आणि माणसाने नको म्हटलं की थांबायचं.

हे थांबणं फक्त जेवणापुरतं नाही. आपण सेवा करायला गेलोय अशा भावनेने जातो आणि सगळं आपणच करून टाकतो, शर्टाची बटणं लावून टाकतो, त्याच्या वतीने दुकानात बोलतो. त्याला बटणं लावायला दहा मिनिटं लागत असतील तर ती दहा मिनिटं त्याची आहेत. तुम्ही विचारायचं, थांबायचं, मागितली तेवढी मदत करायची. मला हे अंगवळणी पडायला खूप वेळ लागला आणि माझ्या मते या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच आहे.

तपासा: प्लॅन वाचला, औषधं तुम्ही द्यायची आहेत का ते कळलं, द्यायची असतील तर ट्रेनिंग झालं, इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा तो नंबर मोबाइलमधे आहे.

टप्पा ६: पार्टिसिपंटच्या पैशातून काय घेता येतं, २०२४ नंतरचा बदल

एनडीआयएस कायद्यातली दुरुस्ती ३ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. तेव्हापासून काय एनडीआयएस सपोर्ट आहे आणि काय नाही याच्या स्पष्ट याद्या आहेत. नेहमीचा किराणा, भाडं, वीजबिल, दारू, जुगार, गिफ्ट व्हाउचर हे फंडिंगमधून नाही. पूर्वी जे "चालून जायचं" ते आता चालत नाही, आणि चुकीचा खर्च झाला तर तो पार्टिसिपंटच्या नावावर कर्ज म्हणून परत मागितला जाऊ शकतो. म्हणून कोणी म्हणालं "हे एनडीआयएसमधून लाव" तर हो-नाही तुम्ही ठरवू नका, प्लॅन मॅनेजर (बिलं सांभाळणारा) किंवा कोऑर्डिनेटरला (सेवा जुळवून देणारा) विचारा असं सांगा. स्वतःच्या पैशातून तो माणूस काय घेतो हा त्याचा प्रश्न, तिथे आपण टोकायचं नाही, फक्त पावती ठेवा आणि नोंद करा.

त्याचं कार्ड, पिन नंबर स्वतःच्या फोनमधे ठेवू नका. भेटवस्तूबद्दल प्रोव्हायडरचा नियम विचारा. दिवाळीचा फराळ नेला, त्याच्या आईने चॉकलेट दिलं, एवढं बहुतेक ठिकाणी सांगून चालतं, पण पैसे उसने घेणं-देणं कधीच नाही. आणि त्याच्याबरोबरचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचा नाही, कितीही छान दिवस गेला असला तरी.

टप्पा ७: नोट्स, आणि काही घडलं तर

नोट शिफ्ट संपायच्या आत लिहा. जे दिसलं, ऐकलं तेच लिहा, तुमचं मत नाही. "आज तो आक्रमक होता" याने काही कळत नाही. "दुपारी २:१० ला टीव्ही बंद केल्यावर त्याने कप जमिनीवर फेकला, मी दोन पावलं मागे गेले, टीव्ही परत लावला, पाच मिनिटांत शांत झाला" यातून पुढच्या वर्करला रस्ता दिसतो. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, वेळ आणि घटना अचूक हव्यात.

रजिस्टर्ड (कमिशनकडे नोंदलेल्या) प्रोव्हायडरला मृत्यू, गंभीर इजा, मारहाण, छळ, दुर्लक्ष, लैंगिक गैरवर्तन, याचा संशय असला तरी २४ तासांत कमिशनला कळवावं लागतं. हे २४ तास त्यांना कळल्यापासून, त्यामुळे तुम्ही सुपरवायझरला त्याच शिफ्टमधे, फोनवर, आणि मग लेखी सांगायचं. उद्या ऑफिसला गेल्यावर सांगते असं नाही.

आणि एक गोष्ट जी नकळत घडते. कोणाला बंधन घालणं याचे पाच प्रकार नियमात आहेत: एकटं कोंडून ठेवणं, वागणूक दाबायला औषध, वस्तूने जखडणं, शरीराने धरून ठेवणं, आणि आजूबाजूच्या गोष्टींपासून अडवणं. फ्रिजला कुलूप हे शेवटच्यात येतं. इलेक्ट्रिक व्हीलचेअरचा कंट्रोल बंद करून ठेवणं, "जरा एका जागी बसेल" म्हणून, हे पण बंधनच आहे. घरच्यांनी सांगितलं, आधीच्या वर्करने असंच केलं, हे कारण पुरत नाही. मंजूर बिहेवियर सपोर्ट प्लॅन (वागणुकीबाबतचा लेखी प्लॅन) असेल तरच, त्यात लिहिलंय तेवढंच. तसं नसताना झालं तर प्रोव्हायडरला ५ कामाच्या दिवसांत कळवावं लागतं, इजा झाली असेल तर २४ तासांत. तुम्हाला घरात असं काही दिसलं तर लगेच सांगा, भांडण न करता, पण लेखी.

एनडीआयएस कोड ऑफ कंडक्ट सगळ्यांना लागू आहे, प्रोव्हायडर रजिस्टर्ड असो नसो, तुम्ही नोकरीत असा की एबीएनवर. प्रोव्हायडर ऐकतच नसेल तर कमिशनकडे थेट जाता येतं, १८०० ०३५ ५४४.

टप्पा ८: छोटं काम स्वतः चालवत असाल तर

घाई करून पहिला पार्टिसिपंट घेण्याआधी विचारा, फंडिंग कोण सांभाळतं. एनडीआयए स्वतः सांभाळत असेल तर फक्त रजिस्टर्ड प्रोव्हायडर चालतो, तुम्ही नाही. प्लॅन मॅनेजर असेल किंवा तो स्वतः सांभाळत असेल तर अनरजिस्टर्ड चालतो. हे न विचारता महिनाभर काम केलेली, आणि एक पैसा न मिळालेली माणसं मी बघितलीत.

मग फंडिंग पिरियड विचारा. १९ मे २०२५ पासून नवीन प्लॅनमधले पैसे वर्षाचे एकदम नाही, टप्प्याटप्प्याने येतात, बहुतेक तीन महिन्यांचे, काही सपोर्टचे महिन्याचे. वर्षाला १०० तास दिसले म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ५० तास दिले तर तुमचं बिल अडकणार. उरलेले पैसे त्याच प्लॅनमधे पुढच्या टप्प्यात जातात, पण पुढच्या टप्प्याचे आधी उचलता येत नाहीत. सर्व्हिस ॲग्रीमेंटमधे तास वर्षाचे लिहू नका, फंडिंग पिरियडप्रमाणे लिहा.

बिल आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाठवा. कायद्याने सेवा दिल्यापासून २ वर्षांत क्लेम व्हायला हवा, पण तोपर्यंत थांबणं म्हणजे प्लॅन बदलला, मॅनेजर बदलला, पैसे संपले. बिलावर एबीएन, पार्टिसिपंटचा नंबर, तारीख, तास, सपोर्ट आयटम नंबर (दरपत्रकातला त्या सेवेचा नंबर), दर. आयटम नंबर चुकला की बिल परत येतं, हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त होणारा घोळ.

सावध: सपोर्टेड इंडिपेंडंट लिव्हिंग (राहत्या घरात रोजची मदत) देणाऱ्यांना आणि ॲपवरून वर्कर जोडून देणाऱ्या प्लॅटफॉर्मना सक्तीचं रजिस्ट्रेशन १ जुलै २०२६ पासून जाहीर झालंय. रजिस्ट्रेशनमधे ऑडिट येतं, पॉलिसी, इन्सिडंट रजिस्टर, वर्करची स्क्रीनिंगची नोंद सगळं दाखवावं लागतं, आणि हे एका आठवड्यात तयार होत नाही. तुम्ही स्वतः त्यात येत नसाल पण अशा एखाद्या प्लॅटफॉर्मवरून काम घेत असाल तर त्यांना आत्ताच विचारा की तुमचं काय चाललंय आणि आमच्याकडून कुठले कागद लागणार.

दरवर्षी जूनच्या शेवटी करायची तपासणी

अवॉर्डचे दर १ जुलैला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या पहिल्या पूर्ण पगार-काळापासून बदलतात, एनडीआयएसचं दरपत्रक पण साधारण त्याच सुमाराला येतं. जुलैची दुसरी पेस्लिप जूनच्या पेस्लिपशेजारी ठेवून बघा. सुपर १ जुलै २०२५ पासून १२ टक्के आहे, आणि १ जुलै २०२६ पासून ते पगाराबरोबरच भरावं लागतं, सात कामाच्या दिवसांत फंडात पोचलं पाहिजे, तिमाहीची वाट बघायची नाही. सुपर फंडाच्या ॲपमधे जाऊन जमा दिसतंय का ते बघा, पेस्लिपवर लिहिलंय म्हणजे भरलंय असं नाही.

त्याच दिवशी क्लिअरन्सची शेवटची तारीख, सीपीआरची तारीख, व्हिसाची तारीख कॅलेंडरमधे टाका, तीन महिने आधीच्या आठवणीसकट. पत्ता किंवा नाव बदललं असेल तर स्क्रीनिंग युनिटला कळवा. आणि कुठलाही बदल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आला तर तो कमिशनच्या, एनडीआयएसच्या किंवा फेअर वर्कच्या साइटवर सापडतो का ते बघितल्याशिवाय पुढे ढकलू नका, गेल्या वर्षी अशाच एका फॉरवर्डमुळे माझ्या ओळखीच्या दोन मुलींनी चांगली नोकरी सोडून एबीएन काढलं होतं.